लेम्नॉसचा धनुर्धर आणि अस्तंब्याचा अश्वत्थामा

(तळोदा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावोगाव हिंडून व्याख्यानं देणारी आमची जमात फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात दिओ क्रिसोस्टोम नावाचा असाच एक ग्रीक व्याख्याता होऊन गेला. रोमच्या बादशहाने त्याला हद्दपार केलं. मग तो अनेक वर्षं काळ्या समुद्रापर्यंत भटकला आणि जिथे चार माणसं जमली तिथे बोलला. होमरवरच्या एका छोट्या भाषणात तो म्हणतो की, हिंदुस्थानातले लोकसुद्धा होमरची गाणी आपल्या भाषेत आणून गातात. ग्रीकांच्या आकाशातले कितीतरी तारे त्यांना दिसत नाहीत, पण प्रायमचं दुःख, अँड्रोमाकी आणि हेक्युबा यांचा विलाप, अकिलीस आणि हेक्टर यांचा पराक्रम त्यांना ठाऊक आहे.

आता आपल्या पूर्वजांनी होमर गायल्याचा पुरावा कुठे नाही. एकोणिसाव्या शतकात आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडिताने दिओच्या बोलण्याचा निराळा अर्थ लावला. दिओच्या कानावर आलं होतं ते महाभारत, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. कुणी खलाशी किंवा व्यापारी हिंदुस्थानात आला असेल, त्याने लोकांना एक लांबलचक युद्धकथा ऐकताना पाहिलं असेल. मुलं गमावलेला म्हातारा राजा, रणभूमीवर रडणाऱ्या बायका, रागाने पेटलेला वीर. त्याला वाटलं, ही तर आपलीच गोष्ट. असा माणूस कुठे उतरला असेल? त्या काळच्या खलाशांसाठी लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या पुस्तकात नोंद आहे की, भरूचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या यवन राजांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी अजून चालतात. भरूच म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. आपल्या गावातून जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता धरला की थेट त्याच्या दारात जातो.

दिओची ही चूक मला आज कामाला येणार आहे. त्याला दोन्ही गोष्टी एकच वाटल्या. मला त्या अगदी जवळ येऊन एका जागी फुटलेल्या दिसतात आणि ती जागा इथून डोंगरात वर आहे.

अस्तंब्याविषयी तळोद्यात मी काय सांगावं! धनत्रयोदशीला दिंड्या निघतात त्या तुमच्याच गावातून. कोठार, देवनदी, नकट्या देव, जुना अस्तंबा, भीमकुंड ही नावं तुमच्या पायांना पाठ आहेत. पण हे व्याख्यान छापलं जाणार आहे, तेव्हा लांबच्या वाचकासाठी दोन वाक्यं. धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्यात सातपुड्याचं सुमारे १,३२५ मीटर उंचीचं शिखर आहे, त्यावर अश्वत्थाम्याचं ठाणं आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून, मुख्यतः आदिवासी समाजातले लोक, दिवाळीच्या दिवसांत रात्रीची चढण करून तिथे जातात. लोक सांगतात, तो अजून या डोंगरात आहे. कपाळावरची जखम भळभळते, तिच्यासाठी तो तेल मागतो. आणि रानात वाट चुकलेल्याला वाट दाखवतो.

आता लेम्नॉसला जाऊ. हे एजियन समुद्रातलं एक बेट. ट्रॉयच्या स्वारीला निघालेल्या ग्रीक सरदारांत फिलोक्टिटीस नावाचा एक होता. त्याच्याकडे हेराक्लीसचं धनुष्य होतं. हेराक्लीस यातनांनी तळमळत असताना त्याची चिता पेटवायला कुणी धजेना, ती याने पेटवली, म्हणून ते त्याला मिळालं. वाटेत एका पवित्र जागी त्याच्या पायाला साप डसला. जखम चिघळली, पू वाहू लागला. दुर्गंधी अशी की जवळ उभं राहवेना आणि ओरडणं असं की देवापुढे धड नैवेद्यही दाखवता येईना. ओडिसिअसच्या सल्ल्याने ग्रीकांनी त्याला झोपेत लेम्नॉसच्या किनाऱ्यावर ठेवलं आणि गलबतं हाकारली. दहा वर्षं तो तिथे एका गुहेत होता. पक्षी मारून खायचा, पाय ओढत पाण्यापर्यंत जायचा. दहाव्या वर्षी ग्रीकांना एका भविष्यवेत्त्याकडून कळलं की त्या धनुष्याशिवाय ट्रॉय पडणार नाही. मग त्यांना फिलोक्टिटीस आठवला.

होमरने हे सगळं ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात, गलबतांच्या यादीत, जेमतेम दहा ओळींत उरकलं आहे. सात गलबतं, प्रत्येकात पन्नास वल्हेकरी, सगळे तिरंदाज. सरदार मात्र लेम्नॉसवर कण्हत पडलेला. आणि लवकरच ग्रीकांना त्याची आठवण होणार आहे, बस्स. मोठा कवी अशा फटी ठेवून जातो आणि मागून येणारे तिथे घरं बांधतात. ईस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या तिघांनीही फिलोक्टिटीसवर नाटकं लिहिली. आज सोफोक्लीसचंच हाती आहे. पण दिओने ती तिन्ही वाचली होती, एकाच दिवशी! ऐन उन्हाळ्यात, तब्येत बरी नव्हती म्हणून तो पहाटे लवकर उठला, थोडा हिंडून आला आणि मग तिन्ही नाटकं एकापाठोपाठ एक वाचून काढली, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आजारपण असं सत्कारणी लावणारा हा माणूस नसता तर हरवलेल्या दोन नाटकांविषयी आपल्याला फार थोडं कळलं असतं.

दिओच्या सांगण्यावरून एक गोष्ट लख्ख दिसते. ईस्किलस आणि युरिपिडीस यांच्या नाटकांत कोरस लेम्नॉसच्या गावकऱ्यांचा होता. म्हणजे बेटावर वस्ती होती, कुणीतरी अधूनमधून विचारपूस करणारं होतं. सोफोक्लीसने ती वस्तीच काढून टाकली आणि बेट निर्मनुष्य केलं. दुसरा बदल त्याहून मोठा. धनुष्य आणायला ओडिसिअसबरोबर त्याने अकिलीसचा कोवळा मुलगा निऑप्टॉलेमस याला पाठवलं. ओडिसिअसची आज्ञा अशी की, पोराने गोड बोलून त्या आजाऱ्याला फसवायचं आणि धनुष्य काढून घ्यायचं. पोरगा फसवतोही. पण फिलोक्टिटीसला कळा येतात, तो समोर तळमळतो, विश्वासाने धनुष्य त्याच्या हाती देऊन बेशुद्ध पडतो, आणि त्या पोराला पुढचं खोटं बोलवत नाही. तो धनुष्य परत करतो.

हे नाटक इसवी सनापूर्वी ४०९ सालचं. अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध सुरू होऊन बावीस वर्षं झाली होती. सिसिलीत अथेन्सचं अख्खं आरमार बुडून चार वर्षं लोटली होती. प्रेक्षागृहात बसलेल्या पुरुषांतले कितीतरी स्वतः लढून आलेले, आणि लिहिणारा नव्वदीला टेकलेला म्हातारा एके काळी पेरिक्लीसच्या बरोबरीने सेनापती राहिलेला. जखमी सोबत्याला मागे टाकून पुढे जाणं म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकांना समजावून सांगायची गरज नव्हती. नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं.

पण शेवट पाहा. हेराक्लीस देवरूपाने प्रकटतो, फिलोक्टिटीसला ट्रॉयला जायला सांगतो, तिथे पाय बरा होईल म्हणतो आणि जाता जाता दोघांना बजावतो: नगर लुटाल तेव्हा देवांची अवज्ञा करू नका. ही ताकीद कुणासाठी आहे हे त्या प्रेक्षागृहातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. कारण मूळ कथेत ट्रॉय पडलं त्या रात्री तिथल्या म्हाताऱ्या राजाला, प्रायमला, झ्यूसच्या वेदीवर मारणारा हाच, हा हळव्या मनाचा निऑप्टॉलेमस.

निऑप्टॉलेमसचा बाप मारला गेला तो समोरासमोरच्या द्वंद्वात नाही, तर लांबून आलेल्या बाणाने. मुलगा सूड घ्यायला येतो. लाकडी घोड्याच्या पोटात बसून रात्री शहरात शिरतो आणि सूडाच्या भरात जे करू नये ते करतो. आता अश्वत्थामा आठवा. ‘अश्वत्थामा मेला’ या अर्ध्या खोट्यावर बाप शस्त्र टाकतो आणि मारला जातो. अठराव्या दिवशी सगळं संपल्यावर मुलगा वडाखाली बसलेला असतो. रात्री एक घुबड येतं, झोपलेल्या कावळ्यांना मारतं, ते पाहून त्याला मार्ग सापडतो. कृपाचार्य त्याला परोपरीने अडवतात, तो ऐकत नाही. कृप आणि कृतवर्मा यांना दाराशी उभं करून तो छावणीत शिरतो. धृष्टद्युम्न शस्त्राने तरी मार म्हणून विनवतो, त्याला तो लाथांनी मारतो. द्रौपदीची पाचही मुलं कापतो. निदान एवढ्यावर तरी थांबावं. पण पुढे सोडलेलं अस्त्र मागे घेता येत नाही म्हणून ते पांडवांच्या सुनांच्या गर्भावर वळवतो.

झोपलेल्या शत्रूला मारणं ग्रीकांनाही नवं नव्हतं. ‘इलियड’च्या दहाव्या सर्गात ओडिसिअस आणि डायोमिडीस रात्री थ्रेसच्या तळावर जातात, राजा ऱ्हीससला बारा सोबत्यांसह झोपेत संपवतात आणि त्याचे पांढरेशुभ्र घोडे पळवून आणतात. परत आल्यावर कौतुक होतं, ते घोड्यांचं! सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात मोजणाऱ्या जाणकारांना हे कौतुक कळेल, माणसांचं काय झालं हे होमर त्या सर्गात विचारत नाही. तो सर्ग होमरचा नव्हेच असं बरेच अभ्यासक म्हणतात, ते सोडा. व्यासांनी मात्र तशाच एका रात्रीसाठी अख्खं पर्व दिलं, सौप्तिकपर्व, आणि तिच्याकडे पराक्रम म्हणून क्षणभरही पाहिलं नाही.

मघाशी दोन्ही गोष्टी एका जागी फुटतात म्हणालो, ती जागा आता येते. ग्रीकांनी जखम एकाला दिली आणि अपराध दुसऱ्याला. फिलोक्टिटीसची जखम कुजते, पण त्याने कुणाचं वाकडं केलेलं नाही, म्हणून त्याची कीव करायला मन कचरत नाही. निऑप्टॉलेमस अपराधी आहे, पण धडधाकट आहे. डेल्फीत देवाच्या दारी तोही मारला जातो आणि हिशेब मिटतो. आपल्याकडे दोन्ही एकाच अंगावर आहेत. जो नासतो आहे, तोच खुनी आहे. तो मरतही नाही.

अशा माणसाचं पुढच्यांनी काय करायचं? पुनर्कथनाचा खरा कस इथे लागतो.

महाभारतात द्रौपदी त्याचा जीव मागते. प्राण सोडायला बसते आणि त्याच्या मस्तकावरचा मणी आणल्याशिवाय उठणार नाही म्हणते. भीम मणी आणतो. कृष्णाचा शाप असा: तीन हजार वर्षं निर्जन रानांत एकटा भटकशील, अंगाला पू आणि रक्ताची दुर्गंधी येईल, तुझ्याशी कुणी बोलणार नाही. शापात कपाळावरच्या भळभळत्या जखमेचं नाव नाही, आणि मणीही त्याने तिथे स्वतःच काढून दिलेला आहे. केसांसकट मणी कापून घेतल्याची हकीकत भागवतातली. पण त्याच भागवतात द्रौपदी बदलली आहे. दोरांनी बांधून आणलेल्या अश्वत्थाम्याला पाहून ती म्हणते, याला सोडा, मी जशी रडते आहे तशी याच्या आईने रडू नये. महाभारतातली द्रौपदी असं म्हणणं शक्य नव्हतं. कुणा पुराणिकाला ते म्हणवून घ्यावंसं वाटलं. आणि तेल? तेल ना व्यासांत आहे ना भागवतात. ते लोकांनी घातलं. मराठी मुलखात आजीच्या गोष्टीत अश्वत्थामा दारोदार तेल मागतो, बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तो रोज शिवाच्या पिंडीवर फूल वाहून जातो, नर्मदेच्या शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासींना भेटतो. शिक्षेची मुदत म्हणाल तर परंपरेच्या कालगणनेप्रमाणे ती संपून दोन हजारांवर वर्षं झाली. त्याला मोकळं करायचं मात्र कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

लिहित्या मराठी साहित्याने त्याला तसं हातचं राखूनच घेतलं. एकनाथांचे नातू मुक्तेश्वर यांच्या महाभारताची आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक ही पाचच पर्वं आज उपलब्ध आहेत. अठरांतून उरलेल्या पाचांत ही रात्र आहे, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये द्रोण आणि अश्वत्थामा यांना एकाच प्रकरणात बसवलं आणि त्याला ‘परधर्मो भयावहः’ असं नाव दिलं: ब्राह्मणाने क्षत्रियाचा धंदा धरला की काय होतं, हा त्यांचा सूर. विवेचन धारदार आहे, पण बाई न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उठत नाहीत. कादंबरीकारांनी कर्णाला डोक्यावर घेतलं. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने तर घराघरांत. मराठी वाचकाला अन्याय सोसलेला नायक लागतो, अन्याय केलेला चालत नाही. अश्वत्थाम्याच्या पोटात जाऊन बसला तो हिंदीतला धर्मवीर भारतींचा ‘अंधा युग’. महायुद्ध, अणुबाँब आणि फाळणी पाहिलेल्या माणसाने १९५० नंतरच्या काही वर्षांत लिहिलेलं हे नाटक. त्यातला अश्वत्थामा युधिष्ठिराच्या त्या अर्धसत्यानंतर पशू झाला आहे, आणि ब्रह्मास्त्र म्हटलं की प्रेक्षकाला हिरोशिमाच आठवतं.

बालपणाकडे मात्र कुणी फारसं वळत नाही. हा मुलगा दूध मागायचा, घरात दूध नव्हतं, इतर पोरं त्याला पिठाचं पाणी देऊन दूध म्हणून फसवायची आणि तो आनंदाने नाचायचा. ते पाहून द्रोण द्रुपदाकडे गेले, अपमानित झाले आणि पुढचं सगळं घडलं. धडगाव-अक्कलकुव्याच्या बालकांची वजनं वर्तमानपत्रांत छापून येतात अशा जिल्ह्यात ही गोष्ट सांगताना घसा साफ करावा लागतो.

फिलोक्टिटीसचं नशीब आपल्या काळात पुन्हा उघडलं. १९९० साली शेमस हीनी या आयरिश कवीने सोफोक्लीसचं नाटक उत्तर आयर्लंडसाठी नव्याने लिहिलं, ते डेरी शहरात झालं. बॉम्ब आणि उपोषणं यांतून गेलेल्या त्या गावात आपापली जखम कुरवाळत बसलेले दोन्ही बाजूंना होते. त्याच वर्षी कॅरिबियन बेटावरच्या डेरेक वॉलकॉटने ‘ओमेरॉस’ हे महाकाव्य प्रसिद्ध केलं. त्यात फिलोक्टिटीस एक गरीब कोळी आहे. गंजक्या नांगराने त्याची नडगी फाडली आहे, पण त्याला वाटतं, ही जखम आजोबा-पणजोबांच्या पायांतल्या गुलामीच्या बेड्यांची. तो ती पर्यटकांना पैसे घेऊन दाखवतो! शेवटी गावातली एक बाई रानातली मुळी शोधून तिच्या काढ्याने त्याला न्हाऊ घालते आणि जखम भरते. जडीबुटीची जाण असलेल्या सातपुड्याने हे पान जरूर वाचावं. अमेरिकेत तर जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञाने व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या हकिकती ‘इलियड’शेजारी ठेवून १९९४ साली पुस्तक लिहिलं आणि पुढे ब्रायन डोरीस या दिग्दर्शकाने सैनिकांपुढे, त्यांच्या बायकांपुढे ‘फिलोक्टिटीस’ आणि ‘एजॅक्स’ यांची वाचनं केली. वाचन थोडंच, नंतरची चर्चा लांबलचक, अशी त्याची पद्धत आहे.

हे सगळं मोठं आहे, मी त्याला लहान करत नाही. तरी एक खुपतं. ग्रीकांनी फिलोक्टिटीसला परत आणलं ते धनुष्य हवं होतं म्हणून. त्याचा पाय बरा केला आणि लगेच त्याच्याकडून ट्रॉयच्या पॅरिसला मारवून घेतलं. त्या जखमेला औषध मिळालं त्याच्या मागे गरज होती. अस्तंब्याच्या अश्वत्थाम्याकडे असं काही मागण्यासारखं नाही. मणी गेलेला, अस्त्र मागे घेता न आलेलं. आणि डोंगरात त्याला ठाव देणारे कोण? ज्या एकलव्याला आदिवासी समाज आपला मानतो, त्याचा अंगठा मागितला तो याच्याच बापाने. द्रोणाचार्यांचा मुलगा, ज्याच्याशी कुणी बोलू नये असा शाप, तो भिल्ल-पावऱ्यांच्या डोंगरावर शिखर धरून बसला आहे, आणि लोक नवस बोलत, रात्रभर चालत त्याच्याकडे जातात. दिवाळीच्याच दिवसांत, जेव्हा घरोघर अंगाला तेल लागतं.

मी याला क्षमा म्हणणार नाही. तसं म्हणणं शहरी माणसाला फार सोयीचं आहे. आदिवासी उदार असतो, विसरून जातो, असं म्हटलं की आपण सुटतो. एकलव्य तर इथे कुणी विसरलेला नाही, त्याच्या नावाच्या शाळा आहेत. शिवाय नुसती दया असती तर तेल देऊन निरोप दिला असता. इथे त्याला कामही दिलं आहे: वाट चुकलेल्याला वाट दाखवायची. ज्याने रात्री झोपलेल्यांना मारलं, त्याला रात्रीच्या वाटसरूंचा राखणदार नेमणं, ही कल्पना सोफोक्लीसला सुचली नाही, भागवतकाराला सुचली नाही, भारतींनाही नाही. ही एका कुणाची रचना नसेल, कित्येक पिढ्यांनी चढता चढता ती जुळवली असेल. पण साहित्य म्हणून तिची गणना त्या नाटकांच्या पंगतीत व्हायला हवी, खालच्या पाटावर नाही.

याच्या पुढे माझी पुस्तकं येत नाहीत. डोरीसची पद्धत आपणही वापरू. वाचन झालं, आता चर्चा. सभागृहात अस्तंब्याला अनेकदा जाऊन आलेली बरीच मंडळी बसली आहेत. त्याच्याविषयी घरी वडीलधाऱ्यांनी काय सांगितलं, वाटेत कुठल्या ठिकाणी कोणती गोष्ट सांगतात, बायका सांगतात ती पुरुषांहून वेगळी असते का, हे त्यांनी भिलीत, पावरीत, ज्या बोलीत येईल त्या बोलीत सांगावं. कार्यकर्त्यांनी ते टिपून घेऊन या व्याख्यानाला जोडून छापावं. ध्वनिवर्धक मधल्या रांगेत पाठवा. ज्येष्ठांना आधी बोलू द्या.